पॅसिव्ह दिसला की पिवळी रेघ

इंग्रजी लिहिताना चुका दाखवणारी जी साधनं हल्ली कुठल्याही ब्राउझरला जोडता येतात, त्यांतलं एक मी कामासाठी रोज वापरते. माझं काम म्हणजे इतरांनी लिहिलेले इंग्रजी मसुदे नीट करणं: यंत्रांच्या सूचना-पुस्तिका, अहवाल, ग्राहकांना जाणारी पत्रं. साधनाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या जातीच्या बहुतेक साधनांत हाच दोष थोड्याफार फरकाने आहे, एकालाच झोडपण्यात अर्थ नाही. स्पेलिंग, स्वल्पविराम, 'अ' आणि 'द'चे घोळ यांत ते हुशार आहे, त्याबद्दल तक्रार नाही. हे परीक्षण त्याच्या एकाच सोयीचं आहे. वाक्यात पॅसिव्ह व्हॉइस सापडला की खाली पिवळी रेघ येते, शेजारच्या पट्टीत 'तुमच्या लेखनात इतके टक्के पॅसिव्ह' असा आकडा चढतो, आणि 'कमी करा, लेखन जोरकस होईल' असा सल्ला मिळतो.

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगते. स्पेलिंग-व्याकरणाला पाचपैकी चार, पॅसिव्हच्या सल्ल्याला दीड. तो दीड तरी कशाबद्दल, ते पुढे येईलच.

आधी ते पॅसिव्ह ओळखतं कसं ते बघू. इंग्रजी पॅसिव्हचा सांगाडा शाळेत सगळ्यांनी घोकलेला असतो: 'बी'चं कुठलं तरी रूप आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप. हे साधनही तेवढंच घोकून आलेलं दिसतं. 'आय ॲम टायर्ड' लिहिलं की रेघ. 'शी वॉज एक्सायटेड' लिहिलं की रेघ. 'माय कीज आर गॉन', यालासुद्धा रेघ! म्हणजे दमलेल्या माणसाने आधी आपल्याला कोणी दमवलं याचा खुलासा करायचा. ही तिन्ही वाक्यं स्थिती सांगतात. 'टायर्ड' आणि 'एक्सायटेड' इथे विशेषणासारखे वागतात, म्हणून तर 'व्हेरी टायर्ड' चालतं. 'व्हेरी अरेस्टेड' कोणी म्हणत नाही.

उलट खरोखरचे पॅसिव्ह त्याच्या नाकाखालून निघून जातात. 'माय फोन गॉट स्टोलन' टाकून बघितलं, रेघ नाही. 'आय हॅड माय फोन स्टोलन', नाही. 'द पार्सल सेंट ऑन मंडे नेव्हर अराइव्ह्ड', नाही. त्यातलं 'दॅट वॉज' गळलेलं आहे आणि 'सेंट' पॅसिव्हच आहे, पण 'बी' दिसला नाही की याची दृष्टी संपली. बातम्यांचे मथळे तर त्याला पूर्ण निर्दोष वाटतात. 'टू किल्ड इन क्रॅश', 'मॅन अरेस्टेड ॲट एअरपोर्ट': इंग्रजी वर्तमानपत्रं 'वॉज' आणि 'वेअर' वगळून दिवसभर पॅसिव्ह छापत असतात.

इंग्रजी शिकवणाऱ्यांत एक गमतीची कसोटी फिरते: क्रियापदानंतर 'बाय झोंबीज' घालून बघायचं. वाक्य तगलं तर पॅसिव्ह. 'माय फोन गॉट स्टोलन बाय झोंबीज' छान तगतं. 'माय कीज आर गॉन बाय झोंबीज' कोलमडतं. कसोटी शंभर टक्के पक्की नाही, पण माझ्या मते या साधनापेक्षा ती बरी आहे, आणि तिला इंटरनेट लागत नाही.

एका बाबतीत मात्र मी साधनाला सूट देते. 'द गेट वॉज लॉक्ड' हे वाक्य नुसतं बघून कोणालाच सांगता येणार नाही. 'मी पोचले तेव्हा फाटकाला कुलूप होतं' असाही अर्थ निघतो आणि 'रात्री दहाला फाटकाला कुलूप लावलं' असाही. पहिली स्थिती, दुसरी घडामोड. इंग्रजीला हा फरक दाखवायचा तर ती 'द गेट वॉज बीइंग लॉक्ड' किंवा 'गॉट लॉक्ड'कडे वळते, नाहीतर आजूबाजूची वाक्यं ते काम करतात. आजूबाजूला न बघणाऱ्या यंत्राकडून ही अपेक्षा करू नये. पण मग त्याने एवढ्या आत्मविश्वासाने रेघही मारू नये.

आता मुख्य तक्रार. साधनाच्या मदतपानावर लिहिलंय की पॅसिव्ह ही अवजड, सरकारी, पुस्तकी रचना आहे आणि रोजच्या इंग्रजीत माणसं ॲक्टिव्हच बोलतात. हे अर्धंच खरं. लाँगमन प्रकाशनाच्या १९९९ सालच्या मोठ्या इंग्रजी व्याकरणात खऱ्याखुऱ्या इंग्रजीची मोजदाद आहे. त्यानुसार शास्त्रीय लेखनात काळ दाखवणाऱ्या क्रियापदांपैकी सुमारे २५ टक्के पॅसिव्ह असतात, बातम्यांत सुमारे १५ टक्के आणि गप्पांमध्ये जेमतेम २ टक्के. म्हणजे बोलण्यात पॅसिव्ह कमी, हे बरोबर. पण रोजचं इंग्रजी म्हणजे फक्त गप्पा नव्हेत. सकाळपासून आपण जे इंग्रजी वाचतो ते आठवून बघा. 'युअर ऑर्डर हॅज बीन शिप्ड.' 'यू हॅव बीन लॉग्ड आउट.' 'युअर कॉल मे बी रेकॉर्डेड.' 'धिस मेसेज वॉज डिलीटेड.' 'युअर कार्ड हॅज बीन डिक्लाइन्ड.' भिंतींवर 'ट्रेसपासर्स विल बी प्रॉसिक्यूटेड', वस्तूंवर 'मेड इन' अमुक देश, तिकीटखिडकीवर 'सोल्ड आउट'. यांतलं एकही वाक्य वाचून कोणी थबकत नाही. कोणाला ते जड वाटत नाही.

मी ही सगळी वाक्यं साधनाला खायला घातली. प्रत्येक 'बी'वाल्या वाक्याखाली रेघ आली आणि 'क्रिया कोणी केली ते लिहा' असं सुचवणं आलं. 'युअर कार्ड हॅज बीन डिक्लाइन्ड' याला पर्याय मिळाला 'द बँक डिक्लाइन्ड युअर कार्ड'. आता कार्ड नाकारलं जातं तेव्हा ते बँकेने नाकारलं, मधल्या जोडणीने की यंत्राच्या तोंडातल्या धुळीने, हे त्या पडद्याला नेमकं ठाऊक असेलच असं नाही. त्याला एवढंच सांगायचंय की तुमचं कार्ड चाललं नाही. ॲक्टिव्ह करण्याच्या नादात वाक्याने माहीत नसलेली गोष्ट ठासून सांगितली. 'यू हॅव बीन लॉग्ड आउट'ला पर्याय होता 'वी लॉग्ड यू आउट', हे वाचून वापरणाऱ्याला आपण काय गुन्हा केला असं वाटेल. आणि 'आय वॉज बॉर्न इन मार्च' या वाक्यातही त्याने कर्ता मागितला. तिथे मी हात टेकले.

पॅसिव्हमधली बहुसंख्य वाक्यं 'बाय' शिवायच येतात, हेच तर त्याचं रोजचं काम आहे. कर्ता माहीत नसतो ('द विंडो वॉज ब्रोकन'), उघड असतो ('ही वॉज अरेस्टेड', दुसरं कोण अटक करणार?), किंवा कोणाला त्याच्याशी देणंघेणं नसतं ('द बिल्डिंग वॉज फिनिश्ड इन २०१९'). शाळेतल्या 'चेंज द व्हॉइस'ने मात्र डोक्यात उलटंच बसवलंय. तिथे प्रत्येक पॅसिव्हला 'बाय'चं शेपूट लावायलाच हवं, नाहीतर गुण जातात. त्यामुळे 'द टी वॉज मेड बाय मी' असली वाक्यं तयार होतात. ती व्याकरणात बसतात, पण सहसा कोणी बोलत नाही.

'गेट'चा पॅसिव्ह तर या साधनाच्या हिशेबात नाहीच, आणि बोलण्यातल्या इंग्रजीत तोच जास्त जिवंत आहे. 'ही गॉट फायर्ड.' 'शी गॉट प्रमोटेड.' 'वी गॉट कॉट इन द रेन.' 'वॉज फायर्ड' म्हटलं तर बातमी होते. 'गॉट फायर्ड' म्हटलं की त्यात बोलणाऱ्याचा श्वास ऐकू येतो: बिचारा, किंवा भोगा आता कर्माची फळं, किंवा एकदाची सुटका. बहुतेक वेळा काहीतरी वाईट किंवा चांगलं कोणावर तरी आलेलं असतं. कधी थोडी खटपटही सुचवली जाते: 'शी गॉट इलेक्टेड' मध्ये धावाधाव दिसते, 'शी वॉज इलेक्टेड' मध्ये फक्त निकाल. म्हणूनच हे रूप सगळीकडे चालत नाही. 'द मीटिंग गॉट हेल्ड ऑन ट्यूजडे' विचित्र लागतं, कारण सभा भरण्याने कोणाच्या डोक्यावर काही कोसळत नाही. माझ्याकडे येणाऱ्या मसुद्यांत हे 'गॉट' अहवालांत घुसलेलं असतं: 'द सॅम्पल्स गॉट टेस्टेड'. तिथे खरं तर रेघ हवी. साधन तिथे शांत असतं.

आता एक परिच्छेद जवळून दाखवते, म्हणजे सल्ला कुठे बरोबर आणि कुठे घातक ते दिसेल. सूचना-पुस्तिकेतला आहे, थोडा बदलून देते. 'द फिल्टर सिट्स बिहाइंड द फ्रंट पॅनेल. इट शुड बी क्लीन्ड वन्स अ मंथ. इट इज हेल्ड इन प्लेस बाय टू क्लिप्स. इफ इट इज डॅमेज्ड, इट मस्ट बी रिप्लेस्ड.' चार वाक्यं, आणि साधनाने चार रेघा मारल्या.

दुसऱ्या वाक्यावरची रेघ योग्य. पुस्तिका वाचणाऱ्याला काम सांगायचंय, तर सरळ सांगा: 'क्लीन इट वन्स अ मंथ.' 'शुड बी क्लीन्ड' मध्ये कोणी करायचं ते लोंबकळत राहतं. वाचणाऱ्याला वाटतं, कंपनीचा माणूस येऊन करेल. चौथ्या वाक्याचा उत्तरार्धही तसाच: 'रिप्लेस इट.' पण तिसरं बघा. साधन म्हणतं, 'टू क्लिप्स होल्ड इट इन प्लेस.' वाक्य छोटं झालं, कर्ताही मिळाला. पण परिच्छेद फिल्टरबद्दल चाललाय. वाचणाऱ्याची नजर फिल्टरवर आहे आणि मध्येच दोन क्लिपा उठून विषय होऊन बसल्या. पुढच्या वाक्यातला 'इट' परत फिल्टरकडे नेताना अडखळायला होतं. मूळ वाक्यात फिल्टर पुढे राहतो, क्लिपा नवी माहिती म्हणून शेवटी येतात आणि लक्षात राहतात. आणि 'इफ इट इज डॅमेज्ड'ला रेघ का? फिल्टर खराब आहे एवढंच तर म्हणायचंय. तो कोणी खराब केला याची चौकशी बसवायची नाहीये.

ओळखीचं पुढे, नवं मागे: इंग्रजी पॅसिव्हचं सगळ्यात मोठं काम हेच, आणि साधनाच्या मदतपानावर त्याचा उल्लेख नाही. याचं एक नमुनेदार उदाहरण १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी 'नेचर'मध्ये डीएनएच्या रचनेवर लिहिलेल्या टिपणात आहे. सुरुवात ठणठणीत ॲक्टिव्ह: 'वी विश टु सजेस्ट अ स्ट्रक्चर', आम्ही एक रचना सुचवू इच्छितो. दुसरा परिच्छेद लगेच पॅसिव्हने उघडतो: 'अ स्ट्रक्चर फॉर न्यूक्लिइक ॲसिड हॅज ऑलरेडी बीन प्रपोज्ड बाय पॉलिंग अँड कोरी.' रचनेचा विषय निघालेलाच होता, म्हणून ती आधी. पॉलिंग आणि कोरी ही नावं नवी, म्हणून शेवटी. आणि त्यापुढचं वाक्य 'दे' ने सुरू होतं, म्हणजे पॉलिंग-कोरींपासूनच. दोन वाक्यांचा सांधा त्या 'बाय'मुळे जुळलाय. मी हे वाक्य साधनात टाकलं. रेघ आली, आणि सल्लाही: 'पॉलिंग अँड कोरी हॅव ऑलरेडी प्रपोज्ड...' तसं केलं तर काही बिघडत नाही म्हणा. पण सांधा ढिला होतो.

मराठी माणसाला हे इतकं का जाणवत नाही, याचं कारण आपल्या वाक्यात शब्द हलतात. 'हे घड्याळ आजोबांनी दिलं' म्हणताना घड्याळ पुढे आलं, आजोबा मागे गेले, क्रियापदाला काही करावं लागलं नाही. विभक्तीने कोण काय ते कळतं. इंग्रजीत जागा हीच विभक्ती. घड्याळ पुढे आणायचं तर अख्खं क्रियापद पालटावं लागतं. म्हणजे आपण जे शब्द सरकवून करतो, त्यातलं बरंचसं इंग्रजी पॅसिव्हकडून करून घेते. त्यात आपल्या व्याकरणातल्या नावाने आणखी गोंधळ. 'रामाने पत्र लिहिलं' हा आपला कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद पत्राप्रमाणे चालतं. पण अर्थाने त्याचं इंग्रजी 'राम रोट अ लेटर' हे सरळ ॲक्टिव्ह आहे. कर्मणी म्हणजे पॅसिव्ह असं समीकरण बांधलं की 'द लेटर वॉज रिटन बाय राम' असं लिहिलं जातं आणि मसुदा कारण नसताना फुगतो. याचा साधनाने विचार केलेला नाही. तशी अपेक्षाही नाही, पण वापरणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

आपल्याकडून खऱ्या चुका होतात त्या वेगळ्याच जागी, आणि तिथे साधनाची कामगिरी संमिश्र आहे. 'द ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड', 'द एरर वॉज ऑकर्ड' यांना ते लाल रेघ मारतं, शाबास. ज्या क्रियापदाला कर्मच नाही त्याचा पॅसिव्ह होत नाही, हे त्याला पक्कं माहीत आहे. पण 'इट वॉज टोल्ड टु मी दॅट...' या वाक्याला ते फक्त पिवळी रेघ मारून 'ॲक्टिव्ह करा' म्हणतं. खरा उपाय दुसरा पॅसिव्हच आहे: 'आय वॉज टोल्ड'. इंग्रजीत ज्याला सांगितलं, ज्याला दिलं, ज्याला विचारलं तो माणूस थेट वाक्याचा मालक होऊ शकतो. 'शी वॉज गिव्हन अ सेकंड चान्स', 'वी वेअर आस्क्ड टु वेट'. आपल्या कानाला 'मला', 'तिला', 'आम्हाला' यांची सवय, म्हणून हे रूप हाताशी येत नाही. रोजच्या इंग्रजीत मात्र ते भरपूर सापडतं. ज्याला चांगलं इंग्रजी यावंसं वाटतं त्याने हे एक रूप तोंडात बसवलं तरी बराच फरक पडेल. साधन नेमकं तेच खोडायला सांगतं.

तसंच 'ही वॉज लाफ्ड ॲट', 'द मॅटर इज बीइंग लुक्ड इंटू', 'द बेड हॅड बीन स्लेप्ट इन'. शब्दयोगी सुटा लोंबकळत ठेवणारे हे पॅसिव्ह इंग्रजीची खासियत आहेत. साधन त्यांना दोनदा टोकतं, एकदा पॅसिव्ह म्हणून आणि एकदा शेवटच्या 'ॲट'बद्दल. आणि 'इज बीइंग'वर त्याचा विशेष राग: 'शब्दबंबाळ' असा शेरा. जाता जाता सांगते, हा राग नवा नाही. पूर्वी इंग्रजीत घर बांधलं जातंय हे 'द हाउस इज बिल्डिंग' असं म्हणत. 'इज बीइंग बिल्ट' अठराव्या शतकाच्या अखेरीस वर आलं आणि एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक पंडितांनी त्यावर आगपाखड केली. आज 'द हाउस इज बिल्डिंग' म्हणाल तर घर कशाची उभारणी करतंय असा प्रश्न येईल.

मग दीड गुण कशाचा? जबाबदारी झटकणाऱ्या वाक्यांचा. ग्राहकांना जाणाऱ्या पत्रांत 'युअर कम्प्लेंट हॅज बीन नोटेड अँड नेसेसरी ॲक्शन विल बी टेकन' असलं वाक्य आलं की पिवळी रेघ बघून मलाही बरं वाटतं. कोणी नोंदली? कोण करणार? कधी? याची थोर परंपरा आहे. १९८७ सालच्या भाषणात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन इराणला गुपचूप शस्त्रं विकल्याच्या प्रकरणाबद्दल म्हणाले, 'वी डिड नॉट अचीव्ह व्हॉट वी विश्ड, अँड सीरियस मिस्टेक्स वेअर मेड'. वाक्याच्या पहिल्या अर्ध्यात 'वी' दोनदा हजर. चुकांची पाळी आली तसा 'वी' पसार. त्याआधी १८७६ साली त्यांच्याच खुर्चीवर असलेल्या राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी 'मिस्टेक्स हॅव बीन मेड, ॲज ऑल कॅन सी अँड आय ॲडमिट' असं लिहिलं होतं. पॅसिव्ह तोच, पण पुढे 'आय ॲडमिट' आहे. अर्थात त्याच वाक्यात ते चुकांचा मोठा वाटा नेमलेल्या सहायकांच्या निवडीकडे सरकवतात, ते सोडा.

पण इथेही साधन गुन्हेगाराचे कपडे बघतं, गुन्हा नाही. एका अहवालात मूळ वाक्य होतं, 'इट वॉज डिसायडेड टु एक्स्टेंड द डेडलाइन.' लिहिणाऱ्याने पिवळी रेघ बघून ते बदललं: 'द डिसिजन टु एक्स्टेंड द डेडलाइन केम लास्ट वीक.' रेघ गेली, टक्केवारी घसरली, पट्टीवर हिरवी खूण उमटली. मुदत कोणी वाढवली ते अजूनही गुलदस्त्यात! 'ॲन एरर ऑकर्ड', 'देअर वॉज अ डिले', 'इश्यूज केम अप': व्याकरणाने ही सगळी ॲक्टिव्ह, आणि कर्ता लपवण्यात पॅसिव्हच्या वरचढ. उलट 'द मॅन वॉज शॉट बाय पोलीस' पॅसिव्ह असूनही गोळी कोणी झाडली ते शेवटी, ठसठशीत जागी सांगतो, आणि 'द मॅन डाइड आफ्टर अ शूटिंग' ॲक्टिव्ह असूनही गिळून टाकतो. पहिल्यावर रेघ, दुसऱ्याला माफी. सल्ला इतका उलटा पडतो तेव्हा तो बिनकामाचाच नाही तर नुकसानकारक ठरतो, कारण हिरवी खूण मिळालेला माणूस पुन्हा वाक्याकडे बघत नाही.

हा सगळा सोवळेपणा साधनाने स्वतः शोधलेला नाही म्हणा. इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेलने इंग्रजी लेखनावरच्या १९४६ सालच्या निबंधात ॲक्टिव्ह जमत असेल तिथे पॅसिव्ह कधीच वापरू नका असा नियम घातला. त्याच निबंधाच्या पहिल्याच वाक्यात 'इट इज जनरली अझ्यूम्ड' आहे. अमेरिकन महाविद्यालयांत वर्षानुवर्षं गाजलेल्या स्ट्रंक आणि व्हाइटच्या लेखनशैलीवरच्या पुस्तिकेत ॲक्टिव्ह वापरा असं सांगताना सुधारून दाखवलेली चार वाक्यं आहेत, आणि त्यांतलं एकच खरं पॅसिव्ह आहे. हे भाषाशास्त्रज्ञ जेफ्री पुलम यांनी चांगलंच खडसावून दाखवून दिलंय. तेव्हा ओळखण्यात गफलत करणारं हे पहिलं नाही.

एक आणखी गोष्ट खटकते. टक्केवारीची मर्यादा सगळ्याला एकच. मित्राला लिहिलेल्या चिठ्ठीला, प्रयोगाच्या नोंदीला आणि माफीच्या पत्राला तोच आकडा. प्रयोगाच्या नोंदीत 'द मिक्सचर वॉज हीटेड टु ८० डिग्रीज' हेच स्वाभाविक, कारण तापवणारा कोणीही असला तरी निष्कर्ष बदलू नये अशीच अपेक्षा असते. गप्पांत २ टक्के आणि शास्त्रीय लेखनात २५ टक्के हे अंतर समोर असताना एकच पट्टी लावणं म्हणजे सगळ्यांना एकाच मापाच्या चपला वाटणं.

घ्यावं का? स्पेलिंग आणि 'अ-द'साठी जरूर घ्या, फुकटची आवृत्ती पुरते. इंग्रजी नव्याने शिकणाऱ्याने मात्र पॅसिव्हचा सल्ला पूर्ण बंद ठेवावा. आधीच आपल्याला ही रूपं कमी सापडतात, त्यात जी सापडतात तीही हे खोडायला लावतं. पत्रं आणि सूचना लिहिणाऱ्यांनी रेघ चालू ठेवली तरी हरकत नाही. रेघ आली की बघायचं, परिच्छेद कशाबद्दल चाललाय आणि वाचणाऱ्याला 'कोणी?' हा प्रश्न पडेल का. पडत नसेल तर 'दुर्लक्ष करा' दाबून पुढे जायचं. टक्केवारीची पट्टी 'शैली' या विभागात जाऊन वेगळी बंद करता येते. तिने स्पेलिंगच्या तपासणीवर परिणाम होत नाही.